‘अर्थिंग’ नावाच्या दोन तारा

मा. संचालक,
व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस



महाराष्ट्रातल्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात ‘मशीनला अर्थिंग आहे का?’ असे विचारले, तर ‘आहे की’ हेच उत्तर मिळते, आणि उत्तर देणारा खोटे बोलत नसतो. तो जिच्याकडे बोट दाखवतो ती एक जाड काळी केबल असते. तिच्या टोकाचा क्लॅम्प कामाच्या लोखंडाला धरलेला असतो. होल्डरमधून निघालेला करंट रॉडमधून, आर्कमधून आणि लोखंडातून फिरून ज्या वाटेने मशीनकडे परत येतो, ती ही केबल. ती निघाली तर आर्क पडत नाही, त्यामुळे ती लावायला कुणी विसरत नाही. पण जीव वाचवणारे अर्थिंग ही तार नव्हे. ते अर्थिंग मशीनच्या पत्र्याच्या पेटीपासून सुरू होते, थ्री-पिन प्लगच्या जाड पिनेतून जाते आणि जमिनीत पुरलेल्या पाइपापाशी किंवा प्लेटपाशी संपते. ती हिरवी तार तुटलेली असो, कापलेली असो किंवा मुळात जोडलेलीच नसो, मशीन तितकेच चांगले चालते. आर्क तसाच पडतो, बीड तशीच येते. दोन वेगळ्या कामांच्या दोन वेगळ्या तारांना आपल्या दुकानांत एकच नाव पडले आहे. त्यातली एक रोज डोळ्यांसमोर असते, म्हणून दुसरी नाही हे कुणाच्या लक्षातच येत नाही. आर्क वेल्डिंगच्या सुरक्षिततेची आपली सारी चर्चा काचेपासून आणि हातमोज्यांपासून सुरू होते. माझे म्हणणे असे की, ती या दोन तारांपासून सुरू व्हायला हवी, आणि ती तिथून सुरू करण्याचे काम राज्यात आपल्या संचालनालयाइतके दुसऱ्या कुणाला साधणार नाही.

आधी हिरव्या तारेचे बघू. साध्या ट्रान्सफॉर्मर मशीनमध्ये एका बाजूच्या वेटोळ्याला २३० व्होल्ट मिळतात; दोन फेजवरचे मशीन असेल तर ४१५. दुसऱ्या बाजूने ५० ते ८० व्होल्ट बाहेर पडतात. ही वेटोळी एकमेकांपासून आणि लोखंडी पेटीपासून वेगळी राहतात ती फक्त वार्निश, कागद आणि फायबरच्या भरवशावर. हा भरवसा दुकानात रोज थोडा थोडा झिजतो. पाटीवर ‘ड्यूटी सायकल ६० टक्के’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, त्या करंटवर दहा मिनिटांत सहा मिनिटे आर्क आणि चार मिनिटे विश्रांती. घाईच्या कामात ही चार मिनिटे कुणी पाळत नाही, आणि तापलेले वार्निश करपत जाते. शेजारीच ग्राइंडर चालू असतो. त्याचा लोखंडी चुरा मशीनचा पंखा आत ओढून घेतो आणि तो वेटोळ्यांवर बसतो. उन्हाळ्यात हा चुरा नुसती धूळ असते; जुलैच्या ओलाव्यात तोच करंटला वाट करून देतो. अशा वेळी पेटीत वीज उतरली आणि हिरवी तार शाबूत असली, तर करंट तिच्यातून जमिनीकडे धावतो आणि पुरवठा तुटण्याची शक्यता तयार होते. तार नसली तर काहीच होत नाही. मशीन चालू राहते, आवाज बदलत नाही, वास येत नाही. ओल्या फरशीवर उभा असलेला कुणीतरी मशीन सरकवायला हँडल धरेपर्यंत ती वीज पेटीत तशीच असते.

‘शक्यता’ हा शब्द मी जपून वापरला आहे, कारण नुसता अर्थिंगचा खड्डा पुरत नाही, आणि हे वर्गातसुद्धा पुरेसे सांगितले जात नाही. समजा, खड्ड्याचा रोध १० ओहम आहे. २३० व्होल्टला त्यातून जास्तीत जास्त २३ अँपिअर जातील. मशीनच्या मागे ३२ अँपिअरची एमसीबी असेल, तर तिला हा करंट म्हणजे नेहमीचाच भार वाटेल. ती पडणार नाही, आणि पेटी वीज घेऊन उभीच राहील. शिवाय आपल्याकडच्या काळ्या खडकावरच्या मुरमात, एप्रिल-मे महिन्यांत, पाणी न घातलेल्या खड्ड्याचा रोध १० ओहमवर राहील याची खात्री कुणी द्यावी? म्हणून हिरव्या तारेला जोड हवी ती ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीची, म्हणजे लोक जिला अजूनही ईएलसीबी म्हणतात तिची. गेलेला आणि परत आलेला करंट यांत तेवढा फरक पडला की ती पुरवठा तोडते. तार, खड्डा आणि आरसीसीबी यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

आता काळी केबल. ती नेहमी लावली जाते, पण कुठे लावली जाते यावर बरेच अवलंबून असते. करंट आपल्या मनातल्या वाटेने जात नाही. ज्या ज्या वाटा मिळतील त्या साऱ्यांतून तो वाटून जातो. ऊसतोडणीचा हंगाम जवळ आला की कोल्हापूर-सांगलीकडच्या दुकानांत ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याला तडा आहे आणि क्लॅम्प मात्र पुढे ट्रॅक्टरच्या चेसिसला लावला आहे, असे असले तर शंभर-सव्वाशे अँपिअर मधल्या पिनेतून, साखळीतून, जिथे जिथे लोखंड लोखंडाला टेकले आहे तिथून वाट काढतात. ॲक्सलच्या बाजूने वाट मिळाली तर बेअरिंगच्या गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात. त्याचा आवाज महिन्याभराने येतो आणि दोष बेअरिंगच्या कंपनीला लागतो. बॅटरीची तार काढलेली नसेल तर वायरिंगही जाते. दुकानातला प्रकार याहून वाईट. कामाचे लोखंड ड्रिल मशीनच्या बेडवर टेकलेले आहे आणि काळा क्लॅम्प शेडच्या खांबाला लावलेला आहे. ड्रिल मशीनला चांगले अर्थिंग आहे, शेडचा खांबही त्याच अर्थिंगला जोडलेला आहे. मग वेल्डिंगचा करंट ड्रिलच्या अडीच चौरस मिलिमीटरच्या हिरव्या तारेतूनच परत यायला लागतो. १२० अँपिअरसाठी ती तार बनलेलीच नसते. ती आतल्या आत वितळते, आणि दुसऱ्या दिवशी ड्रिल मशीन आधीसारखेच चालते, फक्त आता त्याला अर्थिंग नसते. एका ‘अर्थिंग’ने दुसरे अर्थिंग खाल्ले. क्लॅम्प नेहमी कामाच्या लोखंडालाच, जोडाच्या शक्य तितका जवळ, रंग आणि गंज खरवडून लावायचा, हा नियम केवळ बीड चांगली यावी म्हणून केलेला नाही.

जिथे क्लॅम्पच नसतो, तिथले चित्र जवळून पाहण्यासारखे आहे. केबलचे टोक सोलून तांब्याच्या तारा वाकवलेल्या सळईच्या तुकड्याभोवती गुंडाळलेल्या असतात, आणि तो तुकडा कामावर नुसता ठेवलेला असतो. त्याच्या टेकण्याच्या जागी काळा डाग आणि बाजूला निळसर कडा दिसते, कारण प्रत्येक रॉडला तिथेही एक छोटा आर्क पडत असतो. केबलच्या त्या टोकाचे रबर हातभर कडक होऊन तडकलेले असते. कुणाच्या पायाने तुकडा सरकला की परतीची वाट तुटते, आणि रॉड कामाला टेकलेली असताना एका हाताने कामाचे लोखंड नि दुसऱ्या हाताने तो तुकडा धरणारा माणूस स्वतःच त्या वाटेचा भाग होऊ शकतो.

यावर दुकानात पहिला आक्षेप ठरलेला असतो: होल्डरच्या ऐंशी व्होल्टने काय होते, झिणझिण्या येतात फार तर. कोरड्या हाताला, बुटात असलेल्या पायाला हे बहुतेक वेळा खरेही आहे, आणि म्हणूनच हा समज इतका घट्ट बसला आहे. पण घामाने किंवा पावसाने भिजलेल्या शरीराचा रोध साधारण १००० ओहम धरतात. ८० भागिले १०००, म्हणजे ८० मिलिअँपिअर. १० ते १५ मिलिअँपिअरच्या पुढे हाताची बोटे आवळली जातात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ५० च्या पुढचा करंट काही सेकंद छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. त्यातही हे ऐंशी व्होल्ट कधी असतात, हे पाहायला हवे. आर्क चालू असताना होल्डरवर २०-२५ व्होल्टच उरतात. पूर्ण व्होल्टेज असते ते आर्क बंद असताना, म्हणजे माणूस काच वर करून श्वास घेतो, रॉडचे थोटूक फेकतो, पाकिटातून नवी रॉड काढता यावी म्हणून डाव्या हाताचा मोजा उतरवतो आणि उघड्या हाताने ती होल्डरमध्ये खोचतो, त्या क्षणी. काम थांबले असे त्याला वाटते, तेव्हाच धोका सर्वांत जास्त असतो. तापलेला होल्डर बादलीत बुडवून थंड करण्याची सवय, काखेत होल्डर धरण्याची सवय, जबड्याचे फायबर फुटल्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून काम भागवण्याची सवय, या सगळ्यांचा हिशेब याच ऐंशी व्होल्टशी आहे. एकाच कामावर दोन वेल्डर दोन वेगवेगळ्या मशीनवर असतील, तर जोडणी कशी आहे त्यावर दोघांच्या होल्डरमध्ये जवळजवळ दुप्पट व्होल्टेज भरू शकते. एकाच्या हातात दोन्ही होल्डर कधीही येऊ नयेत. आणि इथे आरसीसीबी मदतीला येत नाही, हे ठळकपणे सांगायला हवे. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या वेटोळ्यात काय चालले आहे ते तिला दिसतच नाही. पुरवठ्याच्या बाजूचा धोका ती ओळखते. होल्डरच्या बाजूला कोरडा मोजा, कोरडी फळी आणि धड होल्डर हाच बचाव.

आक्षेपाची दुसरी बाजू व्यवहाराची आहे: आरसीसीबी लावली की ती सारखी पडते, काम कसे करायचे? तक्रार खरी आहे. पण पावसाळ्यात पडणारी आणि उन्हाळ्यात न पडणारी आरसीसीबी बहुधा खराब नसते. मशीनमध्ये ओल आणि चुरा साचला आहे, हे ती सांगत असते. अशा वेळी मशीन पुरवठ्यापासून सोडवून, उघडून, कोरड्या हवेने झाडून घ्यायला हवे. पण दुकानात आरसीसीबीच बायपास केली जाते, आणि तीही पाच मिनिटांत, कारण ती का पडते हे दुकानातल्या मुलाला कुणी सांगितलेले नसते.

गेल्या काही वर्षांत या सगळ्यात एक नवी भर पडली आहे. हातात उचलून नेता येईल असे इन्व्हर्टर मशीन आता मोबाईलवरून मागवता येते. यंत्र म्हणून ते चांगले आहे. हलके आहे, वीज कमी खाते, डीसी देते. पण ते उचलून कुठेही नेता येते, म्हणून ते कुठेही जोडले जाते. सोसायटीच्या गेटचे किंवा खिडकीच्या ग्रिलचे काम असेल, तर जवळच्या घरातल्या सोळा अँपिअरच्या सॉकेटमधून लांब वायर ओढायची, आणि प्लग बसत नसेल तर तो कापून दोन उघडी टोके आगकाडी खोचून बसवायची. दोन टोके, तिसरे नाहीच. साधा हिशेब करू. दहा नंबरची रॉड १३० अँपिअरवर चालवली, तर आर्कवर साधारण २५ व्होल्ट म्हणजे सव्वातीन किलोवॅट लागतात. मशीनमधली घट धरता पुरवठ्यातून चार किलोवॅटच्या आसपास, म्हणजे २३० व्होल्टला १८ अँपिअर आणि पॉवर फॅक्टर कमी असेल तर २५. सोळाच्या सॉकेटवर बारा नंबरची बारीक रॉड चालेल, दहाची जाड नाही. ती चालवली तर भिंतीतल्या जुन्या वायरचे प्लॅस्टिक मऊ व्हायला लागते, आणि ते कुणाच्या नजरेला पडत नाही. याच मशीनच्या पाटीवर काही वेळा चौकोनात ‘एस’ हे रोमन अक्षर छापलेले असते. त्याचा अर्थ, टाकीच्या आत किंवा ओल्या जागी, जिथे शॉकचा धोका वाढलेला असतो, तिथे हे मशीन चालवता येते; एसी असेल तर अशा मशीनचे उघडे, म्हणजे आर्क बंद असतानाचे, व्होल्टेज ४८ च्या वर जाऊ देत नाहीत. विहिरीतल्या पाइपलाइनवर किंवा पाण्याच्या टाकीत कोणते मशीन न्यावे, याचा निर्णय त्या एका अक्षरावर होऊ शकतो, आणि ते कसे वाचायचे हे मराठीत कुठेही सहज सापडत नाही.

डोळ्यांचे आणि फुप्फुसांचे मी कमी लेखत नाही. वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगचे अतिनील किरण या दोन्हींना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. १०-११ नंबरच्या काचेऐवजी गॅस कटिंगचा काळा चष्मा लावून आर्ककडे पाहणे, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होणे आणि बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपणे, हे आजही चालते आणि ते थांबायला हवे. पण काच नसेल तर डोळे त्याच रात्री बोलतात, म्हणून काचेचा धडा मुलगा आठवड्यात शिकतो. हिरवी तार नसल्याचे मात्र काहीच जाणवत नाही. जो दोष स्वतःहून कळत नाही तो शिकवावाच लागतो.

हे पत्र कारखाने निरीक्षकांना किंवा विद्युत निरीक्षकांना न लिहिता आपल्याला का, असा प्रश्न आपण विचाराल. १९४८ च्या कारखाने अधिनियमाची मूळ मर्यादा विजेवर चालणाऱ्या जागेसाठी १० कामगारांची होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने ती २० वर नेली. रस्त्याकडेचे फॅब्रिकेशनचे दुकान दोन-चार जणांचे असते. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६१ खाली अपघाताची सूचना आणि चौकशी होते, पण ती अपघात झाल्यावर. वेल्डिंगमधील सुरक्षिततेचे भारतीय मानक ८१८ आणि अर्थिंगचे मानक ३०४३ ही दोन्ही अनेक दशकांपासून आहेत. ज्ञान आहे, ते कागदावर इंग्रजीत आहे. उरते ते शिकवणे, आणि शिकवणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. राज्यात ४०० हून अधिक शासकीय आयटीआय आहेत. आठवी झालेल्या मुलाला घेता येईल असा वर्षभराचा वेल्डर अभ्यासक्रम त्यांत चालतो, आणि मशीन जोडण्याचा धडा त्यात सुरुवातीलाच आहे.

तरीही दोन जागा रिकाम्या राहतात असे मला वाटते. आयटीआयच्या बूथमध्ये पुरवठ्याची बाजू कायमची जोडलेली असते. मुलगा शिकतो तो मशीनच्या टर्मिनलपासून पुढे: होल्डर, केबल, क्लॅम्प, करंट किती ठेवायचा. टर्मिनलच्या अलीकडचे सारे इलेक्ट्रिशियनचे. मोठ्या कारखान्यात ही वाटणी बरोबर आहे. गेटच्या कामावर मात्र इलेक्ट्रिशियन नसतो. मीटरबोर्डापाशी वेल्डरच जातो. दुसरी रिकामी जागा याहून मोठी. या धंद्यातली कितीतरी मुले आयटीआयची पायरी न चढताच मिस्त्रीच्या हाताखाली तयार होतात. ती होल्डर उत्तम धरतात, उभी बीड सफाईने ओढतात. त्यांचा हात पक्का असतो आणि अर्थिंग या शब्दाचा अर्थ चुकीचा असतो.

म्हणून मागणी एवढीच आहे: प्रत्येक शासकीय आयटीआयने वेल्डिंग आणि इलेक्ट्रिशियन या दोन विभागांनी मिळून एका दिवसाचा, मोफत, प्रवेशाची कोणतीही अट नसलेला ‘मशीन मांडणी’चा वर्ग चालवावा. रोजंदारीची मुले येणार नाहीत, हा आक्षेप योग्य आहे. कामाच्या दिवशी बोलावले तर ती येणार नाहीतच. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते, तिथे वर्ग गुरुवारी हवा. जिथे जी सुट्टी असेल तिथे त्या दिवशी, आणि शक्य असेल तर दुकानांच्या गाळ्यातच. हाताखालची अनेक मुले उत्तर प्रदेश-बिहारची असतात, तेव्हा वर्ग हिंदीतही हवा. परवाना नसलेल्यांना विजेचे काम शिकवून आपण बेकायदा जोडण्यांना उत्तेजन देऊ, अशी भीती आपल्या विभागात कुणी व्यक्त करील. ती रास्त आहे, आणि तिचे उत्तर वर्गात काय शिकवायचे यातच आहे. जोडणी करायला शिकवू नये. तपासायला आणि नाही म्हणायला शिकवावे. मशीन प्लगमधून काढून, पेटीच्या एका स्क्रूखालचा रंग खरवडून, तो स्क्रू आणि प्लगची जाड पिन यांच्यामध्ये मल्टीमीटर लावायचा: वाट अखंड आहे की नाही. सॉकेटमध्ये थ्री-पिन टेस्टर घालून अर्थ आहे का पाहायचे, आणि टेस्टरचा दिवा लागला तरी खड्डा चांगला आहे हे त्यातून कळत नाही, हेही समजून घ्यायचे. आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबायचे. काळा क्लॅम्प कुठे लावायचा ते खऱ्या ट्रॉलीवर दाखवायचे. सॉकेटवरचा आकडा पाहून कोणत्या नंबरची रॉड चालेल ते ठरवायचे. यांतले काही जुळले नाही, तर घरमालकाला ‘इथून लाइन घेणार नाही, आधी इलेक्ट्रिशियन बोलवा’ हे सांगायचे. हे वाक्य अठरा वर्षांच्या मुलाला सहज म्हणता येत नाही. हातात आयटीआयचे एक पानभर मराठी-हिंदी प्रमाणपत्र असेल तर म्हणता येईल.

आणि त्या वर्गात एक गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत व्हावी. दोन तारांना दोन नावे द्यावीत. काळीला ‘परतीची केबल’ म्हणावे, हिरवीलाच ‘अर्थिंग’. मुले आठवडाभर जुनेच नाव घेतील, निदेशकांनी तेवढ्या वेळा दुरुस्त करावे. आयटीआयच्या बूथमधल्या भिंतींवर, मशीनच्या टर्मिनलपाशी, तीच नावे रंगवावीत, म्हणजे नियमित प्रवेश घेतलेल्यांच्या तोंडीही ती बसतील.

पहिला वर्ग मे महिन्यात ठेवावा, अशी विनंती आहे. अर्थिंगचे खड्डे तेव्हा सर्वांत कोरडे असतात, त्यामुळे मोजलेला रोध हा वर्षातला सर्वांत वाईट आकडा असतो आणि तोच माहीत असायला हवा. पावसाळ्याआधीची शेडची, पन्हळींची, ग्रिलची कामे त्याच महिन्यात निघालेली असतात. तपासायला शिकलेला मुलगा दुसऱ्याच दिवशी कुठल्यातरी मीटरबोर्डासमोर उभा असेल. सामान म्हणून दोन मल्टीमीटर, एक थ्री-पिन टेस्टर, अर्थ रोध मोजण्याचे एक यंत्र आणि हिरवी तार कापलेले एक जुने मशीन लागेल. ते मशीन शोधायला फार लांब जावे लागणार नाही.

कळावे,
आपला नम्र